रात्री नुसतं सूप, तरी शुगर वाढतेच? या चुका टाळा

‘उद्यापासून रात्री फक्त सूप,’ अप्पांनी, म्हणजे मधुमेह असलेल्या माझ्या सासऱ्यांनी, जाहीर केलं. चौथ्या दिवशी जेवणानंतर दोन तासांनी मशीनवर आकडा आला २१२. पोळी नाही, भात नाही, मग साखर आली कुठून?

माझ्याच पातेल्यातून. दाटपणासाठी मी दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून ओतत होते. ते पडलं की टोमॅटोचं सूप मिनिटभरात चकाकतं, पळीला धरतं, अगदी हॉटेलसारखं. पण तो निव्वळ स्टार्च; मोठ्या चमच्यात साधारण ७ ग्रॅम कर्बोदकं. वर आंबटपणा मोडायला साखर, आणि अप्पांचे दोन टोस्ट! आता मी दुधी नाहीतर फ्लॉवर शिजवून त्यातच घुसळते. गाळत नाही, चोथा पोटात गेलेला बरा, त्यानं साखर सावकाश चढते. हाच हिशोब साराला आणि कटाच्या आमटीला. त्यातला गूळ ‘नैसर्गिक’ असला तरी रक्तात साखरच होतो.

पाकिटातलं सूप घेताना मागची घटकांची यादी वाचा. जे वजनाने जास्त ते आधी लिहिलेलं असतं. पहिल्या तिनांत मका स्टार्च, मैदा, साखर दिसली तर पाकीट परत ठेवा. हॉटेलात स्वीट कॉर्न किंवा तळलेल्या नूडल्सचं मंचाव नको, क्लिअर सूप मागा.

पाया सूप किंवा मटणाच्या अळणीत कर्बोदकं नावालाच असतात. मात्र नाव अळणी असलं तरी मीठ पडलेलं असतंच. दिवसभराचं मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, हवं. बीपीवाल्यांनी वाट्यांवर वाट्या रिचवू नयेत. वरचा तवंग काढून टाका. किडनीचा त्रास असेल तर पालक-टोमॅटोतलं पोटॅशियमही नडू शकतं; डॉक्टरांना विचारूनच घ्या.

सगळ्यात धोक्याची चूक उलट दिशेची आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी नेहमीसारखी घ्यायची आणि जेवायचं मात्र वाटीभर पातळ पाणी. मग मध्यरात्री घाम, थरथर, धडधड. साखर ७० च्या खाली असेल तर तेव्हा सूप पाजत बसू नका. माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठा. रात्रीचं जेवण कमी करायचंच असेल तर डोस आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या, स्वतःच्या मनाने कमी-जास्त नको. सूपसोबत उसळ, पनीर किंवा उकडलेलं अंडं असू द्या.

आणखी एक. हातापायांना बधिरपणा असेल तर वाफाळती वाटी मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसू नका. चटका बसला तरी कळत नाही. अप्पांची वाटी आता टेबलावरच असते, आणि टोस्टचा डबा वरच्या फळीवर.