लहान शेतावर फ्लेल मोवर चालवताना आणि सांभाळताना

फ्लेल मोवर म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे जोडायचे गवत-झुडपे कापणारे यंत्र. त्याच्या झाकणाखाली एक आडवा रोटर, म्हणजे फिरणारा दंड, असतो आणि त्यावर ठरावीक अंतराने लोंबती पाती बसवलेली असतात. रोटर वेगाने फिरू लागला की ही पाती ताठ होऊन गवत, तण आणि बोटाएवढ्या जाडीच्या फांद्या तोडतात, आणि दगड आडवा आलाच तर मागे दुमडतात. बांधाकडेची, झुडपांनी भरलेली, खडबडीत जमीन साफ करायची असेल तर माझ्या मते यासारखे दुसरे यंत्र नाही. मात्र रोटरचा तोल बिघडला की तेच यंत्र स्वतःचे बेअरिंग खाऊ लागते, म्हणून खरी निगा तोलाचीच घ्यावी लागते.

यंत्राची रुंदी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडांइतकी तरी असावी, म्हणजे चाकाने दाबलेले गवत न कापता मागे राहत नाही. पीटीओ शाफ्टची, म्हणजे ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद मोवरपर्यंत नेणाऱ्या फिरत्या दांड्याची, लांबी जोडतानाच तपासावी. मोवर पूर्ण वर-खाली करून पाहताना शाफ्टच्या आतबाहेर सरकणाऱ्या दोन नळ्या कुठेही एकमेकींच्या तळाला टेकता कामा नयेत आणि ताणल्या गेल्या तरी एकमेकींत पुरेशा अडकलेल्या राहायला हव्यात. कापणीची उंची मागच्या रोलरवरून ठरते. पाते मातीला कधीही लागू देऊ नये. सपाट जमिनीवर पाच सेंटिमीटर आणि उंचसखल जमिनीवर आठ ते दहा सेंटिमीटर उंची ठेवलेली बरी.

काम सुरू करण्यापूर्वी रानातून एकदा पायी फिरावे. तार, दोरी, प्लॅस्टिकची पट्टी आणि सुटे दगड उचलावेत. हे काम कंटाळवाणे वाटते, पण तारेचा वीतभर तुकडा रोटरला गुंडाळला गेला तर तो काढण्यात अर्धा दिवस जातो. पीटीओ इंजिनाच्या कमी वेगावर जोडावा, मग रोटरला फिरू देऊन सावकाश नेमून दिलेल्या वेगापर्यंत, म्हणजे बहुतेक यंत्रांत पीटीओच्या मिनिटाला ५४० फेऱ्यांपर्यंत न्यावा. गवत दाट असेल तर इंजिनाचा वेग उतरवू नये, खालचा गिअर घ्यावा. गवत कमरेएवढे वाढलेले असेल तर आधी मोवर उंच धरून एक फेरी मारावी आणि दुसऱ्या फेरीत ठरलेल्या उंचीवर कापावे. मागच्या बाजूने खडे दूरवर उडतात, म्हणून माणसे आणि जनावरे तिथे थांबू नयेत, आणि रोटर फिरत असताना मोवर उंच उचलू नये.

आता पात्यांकडे वळू. गिअरबॉक्स आणि बेल्टमुळे रोटर पीटीओपेक्षा बराच वेगाने फिरतो. अर्धा किलो वजनाचे पाते रोटरच्या मध्यापासून १५ सेंटिमीटरवर, मिनिटाला २,००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याच्या बोल्टवर सुमारे ३३० किलो वजनाइतकी ओढ पडते. समोरासमोरची पाती असली की या ओढी एकमेकींना सावरतात. एक पाते गळून पडले की ती सगळी ओढ एका बाजूला राहते आणि प्रत्येक फेरीत बेअरिंगला हादरा बसतो. म्हणून चालू असताना सीटखाली नवी थरथर जाणवली, तर ओळ पूर्ण होण्याची वाट न पाहता थांबावे. इंजिन बंद करून किल्ली काढावी, रोटर पूर्ण थांबू द्यावा, आणि उचललेल्या मोवरखाली हात घालण्याआधी त्याला भक्कम आधार द्यावा, कारण हायड्रॉलिकवर टांगलेले यंत्र कधीही खाली बसू शकते.

मग एकेक पाते हाताने हलवून पाहावे. ते आपल्या वजनाने मोकळे झुलले पाहिजे. अडकत असेल तर खाली गवताचा गोळा किंवा तारेचा फास सापडतो. फारच ढिले असेल तर बोल्टचे भोक झिजून लंबगोल झालेले दिसते, आणि अशा पात्यासोबत बोल्टही बदलावा. पाते तुटले असेल तर त्याच्या समोरचेही बदलावे, एकटे नवे पाते जुन्यांच्या रांगेत बसवू नये. वाय आकाराच्या पात्यांना धार लावता येते, पण प्रत्येकातून सारखीच झीज काढून वजन वजनकाट्यावर जुळवून पाहावे.

रोटर आणि रोलरच्या बेअरिंगला तसेच पीटीओ शाफ्टच्या सांध्यांतील क्रॉसला सतत वापर असेल तर रोज काम सुरू करण्याआधी ग्रीस द्यावे. रोलरचे बेअरिंग मातीच्या अगदी जवळ असल्याने लवकर जाते. त्याच्या टोकांना गुंडाळलेले गवत चाकूने कापून काढावे. बेल्ट जोडीने किंवा संचाने असतील तर एकटा बदलू नये, सगळे एकदम बदलावेत, आणि नवे बसवल्यावर पहिल्या काही तासांत ताण पुन्हा पाहावा. गिअरबॉक्समधील तेलाची पातळी यंत्र सपाट जागी ठेवून, थंड असताना बघावी.

हंगाम संपल्यावर झाकणाच्या आतील ओला चोथा खरवडून काढावा, कारण तोच पत्रा गंजवतो. बेल्टचा ताण ढिला करावा, मोवर फळ्यांवर टेकवून ठेवावा, आणि पुढच्या हंगामात पीटीओ जोडण्यापूर्वी रोटर हाताने पूर्ण एक फेरा फिरवून कुठे घासतो का ते ऐकावे.