८०८, ३०३ आणि भैरव: चरणजित सिंग यांच्या पद्धतीने

सिंथेसायझरवादक चरणजित सिंग यांचा 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' हा अल्बम १९८२चा, एचएमव्हीचा. शिकागोतलं अ‍ॅसिड हाउस हे नृत्यसंगीत त्यानंतर काही वर्षांनी आलं. मूळ तबकडी दुर्मीळ आहे, त्यामुळे त्या पद्धतीने भैरव बसवण्याआधी बॉम्बे कनेक्शन या कंपनीने २०१०मध्ये काढलेली नवी आवृत्ती ऐका. तीन यंत्रांची वाटणी नीट ऐकून घ्या: रोलंड टीआर-८०८ या ड्रम मशीनचा ठेका, टीबी-३०३ या बेस सिंथचा बेस, आणि राग ज्युपिटर-८ या सिंथेसायझरवर. बहुतेकांचं इथेच चुकतं. ते सगळा राग ३०३वर लादतात.

टेम्पो मिनिटाला १२० ते १२५ ठोके ठेवा. ८०८च्या १६ स्टेपपैकी किक (बास ड्रम) १, ५, ९, १३वर, क्लॅप ५ आणि १३वर, ओपन हायहॅट ३, ७, ११, १५वर. किकचा डीके (आवाज विरायचा वेळ) कमी ठेवा, नाहीतर तिची शेपटी खालच्या सा-वर चढते. १६ स्टेप म्हणजे त्रितालाच्या १६ मात्रा असं समजू नका. एक स्टेप पाव ठोक्याची असते. ठोक्याला मात्रा धरली तर आवर्तनाला चार पॅटर्न लागतात.

सा पांढरी १ धरा. कोमल रे काळी १, कोमल ध काळी ४. बेसचा पॅटर्न असा (रे, ध कोमल, टिंब म्हणजे रिकामी स्टेप, नि मंद्र सप्तकातला):

सा . ग म | ध प . म | प ग म रे | सा . नि सा

ध ते प, म ते रे आणि रे ते सा इथे स्लाइड (एका स्वरावरून पुढच्यावर घसरत जाणं). मूळ ३०३वर स्वर आणि लय वेगवेगळे भरावे लागतात. एक स्वर राहिला की पुढचे सगळे सरकतात, म्हणून १३ स्वर मोजूनच भरा. हल्लीच्या नकलांमध्ये आणि प्लगइनमध्ये स्लाइडची खूण कुठे पहिल्या स्वरावर, कुठे पुढच्यावर लागते. आधी दोन स्वरांवर तपासून घ्या.

३०३च्या फिल्टरचा रेझोनन्स (आवाजाचा टोकदारपणा) निम्म्यावरून सुरू करा. तो फार चढवला तर फिल्टरच्या शिट्टीत कोमल रे हरवतो आणि भैरव ओळखू येत नाही. अ‍ॅक्सेंट (स्वरावरचा जोर) १ आणि ५ स्टेपवर पुरेत. अ‍ॅक्सेंटच्या स्वरावर डीकेचा नॉब चालत नाही, तो स्वर आखूडच वाजतो.

भैरवाचा जीव रे-ध यांच्या आंदोलनात आहे, आणि ३०३ला ते जमत नाही. तिथे फक्त ठराविक वेळेची स्लाइड मिळते. आंदोलन लीड सिंथवर, म्हणजे राग वाजवणाऱ्या सिंथवर घ्या: बेंडरची (स्वर वर-खाली ओढणाऱ्या कळीची) मर्यादा एक-दोन अर्धस्वर, आणि स्वर हाताने सावकाश झुलवा. एलएफओचा (यंत्राने आपोआप दिलेला) व्हायब्रेटो लावला तर स्वर नुसता थरथरतो. लीडच्या ओळी पॅटर्नमध्ये न भरता सलग वाजवून ध्वनिमुद्रित करा.

जुन्या ८०८-३०३ जोडीला एकाच लयीत चालवायला डिन सिंक केबल लागते. मिडीची (वाद्यं आणि संगणक जोडणारी) केबल त्याच भोकात बसते, पण त्यावर यंत्रं चालत नाहीत. संगणकाशी जोडायचं असेल तर मधे मिडी-डिन सिंक कन्व्हर्टर घ्या.