आगमुंग्यांवर फोरिड माश्या सोडण्याआधी

अमेरिकेच्या दक्षिणेत ज्या कुरणात फोरिड माश्या, म्हणजे आगमुंगीच्या अंगात अंडी घालून तिला मारणाऱ्या बारीक माश्या, सोडायच्या, तिथे लाल आगमुंग्यांची वारुळं भरपूर आणि जिवंत हवीत. म्हणून सगळ्यात आधी कुरणाच्या मालकाकडून विषारी आमिष आणि फवारणी बंद ठेवण्याचा शब्द घ्या. मुंग्याच मेल्या तर माशीची अळी वाढणार कशात? जवळ झाडं आणि पाणवठा असलेली जागा बरी. सरकारी परवाना हाती आल्याशिवाय तारीख ठरवू नका.

माशीची जात निवडताना मुंगीचा आकार बघा. १९९७ मध्ये फ्लोरिडात सोडलेली आणि तिथे टिकलेली स्यूडॅक्टिऑन ट्रायकस्पिस मध्यम ते मोठ्या कामकरी मुंग्या धरते, तर तिच्याच कुळातली कर्व्हेटस ही जात लहान मुंग्या. अनेक राण्यांच्या वसाहतीत मुंग्या बारीक असतात, तिथे कर्व्हेटस मागवा. ट्रायकस्पिसच्या माद्या मोठ्या डोक्यांतूनच निघतात. बारीक मुंग्यांवर वाढवली तर नरच जास्त मिळतात.

कर्व्हेटससाठी तुमच्याच कुरणातल्या मुंग्या प्रयोगशाळेत पाठवायच्या असतात. प्रत्येक वारुळाजवळ क्रमांकाची खुंटी ठोका, तोच क्रमांक बादलीवर लिहा. बादलीला आतून टाल्कम पावडर चोळा. ती ओली झाली की मुंग्या चढून बाहेर येतात, म्हणून हात कोरडे ठेवा. वारूळ मातीसकट फावड्याने उचला आणि बादलीत ठिबकसारखं थेंब थेंब पाणी सोडा. पाणी चढेल तशा मुंग्या वर येऊन एकमेकींना धरून तरंगतात, मग चमच्याने काढता येतात. एकदम ओतलंत तर त्या चिखलात अडकून मरतात.

माशीने अंगात अंडी घातलेल्या या मुंग्या प्रयोगशाळेतून परत आल्या की ज्या त्या वारुळातच सोडा. यातली चूक सगळ्यात महाग पडते: परक्या वारुळात मुंगी मारली जाते आणि तिच्यातली अळीही. अळी छातीतून डोक्यात शिरते, दोन-तीन आठवड्यांत डोकं गळून पडतं आणि त्यातच कोष होतो. अंड्यापासून माशीपर्यंत साधारण पाच-सहा आठवडे.

प्रौढ माश्या सोडायच्या असतील तर ऊबदार, वारा नसलेली दुपार निवडा. गारठ्यात त्या हल्ला करत नाहीत. वारूळ काडीने सतत डिवचत राहावं लागतं, कारण माशी दिसताच मुंग्या बिळात पळतात. खरा फायदाही याच पळण्यात आहे: अळीने मरणाऱ्या मुंग्या थोड्याच असतात, पण बाकीच्यांचं अन्न गोळा करणं थांबतं. वारूळ महिन्याभरात नाहीसं होईल असं मालकाला सांगू नका.

गमबूट, हातमोजे हवेतच. मुंगीचा चावा बाधणाऱ्या माणसाने एपिनेफ्रिनचं (तीव्र ॲलर्जीवरचं) इंजेक्शन जवळ ठेवावं.

पहिली पाहणी दीड महिन्यानंतर: वारूळ उकरून अर्धा तास बघा, घिरट्या घालणाऱ्या माश्या चूषण नळीने पकडा. टेक्सासात स्थानिक फोरिड जातीही मुंग्यांवर येतात, तेव्हा मादीचा अंडं घालायचा अवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच नोंदवहीत जातीचं नाव लिहा.