सी मध्ये एफटीपी सर्व्हर लिहिताना: कमांडची ओळ नीट कशी वाचायची

एफटीपी, म्हणजे फाइलींची देवाणघेवाण करण्याचा प्रोटोकॉल. त्याच्या सर्व्हरमधला कमांड वाचण्याचा भाग सगळ्यात सोपा वाटतो. ओळ घ्यायची, पहिला शब्द बघायचा, उरलेलं योग्य त्या फंक्शनकडे पाठवायचं. तसं लिहिलेलं एकाच मशीनवर तपासताना चालतंही. मग कुणी संथ जोडणीवरून येतं, कुणाच्या फाइलच्या नावात स्पेस असते, कुणी मोठी फाइल अर्ध्यातून पुढे चालू करतं, आणि तोच सर्व्हर अधूनमधून ५००, म्हणजे ‘कमांड समजली नाही’ हे उत्तर, देऊ लागतो किंवा चुकीची फाइल उडवतो.

बहुतेक वेळा दोष एकाच गोष्टीचा असतो: तीन वेगळी कामं एका फंक्शनात कोंबलेली असतात. बाइटच्या प्रवाहातून ओळ काढणं हे पहिलं काम, ओळीतून कमांड आणि आर्ग्युमेंट वेगळं करणं हे दुसरं, आणि त्या आर्ग्युमेंटचा अर्थ लावणं हे तिसरं. तिन्हींचे नियम वेगळे आहेत, म्हणून तीन फंक्शनं करा.

एफटीपीचा पहिला मसुदा, आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) ११४, अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये एमआयटीत असताना लिहिला. ते आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. आज आधार धरायचा तो ऑक्टोबर १९८५ चा आरएफसी ९५९. पोर्ट २१ वरची कंट्रोल जोडणी, म्हणजे कमांड आणि उत्तरं जातात ती, टेलनेट या दूरस्थ टर्मिनलच्या प्रोटोकॉलच्या नियमांनी चालते, हे त्यातलं वाक्य बरेच जण वाचून पुढे जातात. ते पुढे महागात पडतं. खाली कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, तारेवरून अर्थातच रोमन अक्षरं जातात.

प्रवाहातून ओळ काढणं

टीसीपीला ओळ हा प्रकार माहीत नाही. एका रिसीव्ह कॉलमध्ये अर्धी कमांड येऊ शकते, तशाच साडेतीन कमांडही येऊ शकतात. म्हणून प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र बफर आणि त्यात सध्या किती बाइट भरलेत याचा आकडा ठेवा. आरएफसी ९५९ ओळीची कमाल लांबी ठरवून देत नाही, ती तुम्हीच ठरवायची. लिनक्सवर पाथची मर्यादा ४०९६ बाइट आहे, त्यामुळे ५१२ चा बफर अपुरा पडतो. ८१९२ ठेवला की निश्चिंत.

क्रम असा ठेवा. रिसीव्हने आलेले बाइट बफरच्या शेवटी जोडा. मेमचरने एलएफ, म्हणजे १० हा बाइट, शोधा. सापडला तर तिथपर्यंतची ओळ बाहेर काढा. एलएफच्या लगेच आधी सीआर, म्हणजे १३, असेल तर तो एकच काढून टाका. ओळ पुढे पाठवा आणि उरलेल्या बाइटमध्ये पुन्हा एलएफ शोधा. तो मिळेनासा झाला की राहिलेलं मेममूव्हने बफरच्या सुरुवातीला आणा. इथे मेमकॉपी वापरू नका. मूळ जागा आणि नवी जागा एकमेकींवर येतात आणि अशा वेळी मेमकॉपीचं वर्तन भाषेने ठरवलेलंच नाही.

नियमाप्रमाणे ओळ सीआर-एलएफने संपते, पण नुसता एलएफही चालवून घ्यावा, हाताने तपासणी करताना तोच येतो. ओळीच्या मधे मात्र सीआर किंवा शून्य बाइट दिसला तर ५०१ (आर्ग्युमेंट चुकलं) देऊन ओळ नाकारा. शून्य बाइटचा धोका नीट समजून घ्या: तुमची तपासणी लांबी मोजून पूर्ण ओळ बघते, पण फाइल उघडणारं फंक्शन शून्यापाशी थांबतं. म्हणजे तपासलेलं नाव एक आणि उघडलेली फाइल दुसरीच.

बफर भरला आणि एलएफ आलाच नाही, तर? बफर रिकामा करून पुढे वाचू लागलात तर लांबलचक ओळीचं शेपूट नवी कमांड म्हणून वाचलं जाईल. त्या शेपटात डेले (फाइल पुसण्याची कमांड) आणि एखादं नाव मुद्दाम लिहिलेलं असू शकतं. त्यामुळे ‘टाकून द्या’ अशी एक खूण लावा, पुढचा एलएफ येईपर्यंतचे सगळे बाइट फेका, मग एकदाच ५०० पाठवा आणि खूण काढा.

रिसीव्हने ० दिला म्हणजे समोरच्याने पाठवणं संपवलं. अशा वेळी बफरात उरलेली अर्धवट ओळ कमांड म्हणून चालवायची नाही. समजा डेले कमांडसोबत ‘जमा खर्च जुना’ हे नाव निघालं होतं आणि ‘जमा खर्च’ एवढंच पोचल्यावर जोडणी तुटली. या दोन्ही नावांच्या फाइल असतील, तर जी राहायला हवी होती तीच जाईल. उणे १ आला तर एररनंबर बघा: ईइंटर असेल तर पुन्हा वाचा, नॉन-ब्लॉकिंग सॉकेटवर ईअगेन असेल तर परत पोलकडे जा, बाकी कशालाही जोडणी बंद करा.

टीएलएस, म्हणजे जोडणीचं एन्क्रिप्शन, देणार असाल तर आणखी एक. ते सुरू करणाऱ्या ऑथ टीएलएस या कमांडनंतर हँडशेक सुरू करण्याआधी बफरात उरलेलं सगळं फेकून द्या. नाहीतर जोडणीच्या मधे बसलेल्या हल्लेखोराने साध्या मजकुरात घुसवलेल्या कमांड हँडशेकनंतर सुरक्षित मार्गाने आल्यासारख्या चालतात.

टेलनेटचे बाइट

२५५ हा बाइट टेलनेटमध्ये ‘पुढे सूचना आहे’ असं सांगतो. त्याच्यामागे २५१ ते २५४ आला तर आणखी एक बाइट त्याचाच असतो. २५५ पुन्हा आला तर तो खरा २५५. बाकी, उदाहरणार्थ २४४ किंवा २४२, दोन बाइटांतच संपतात. हे गाळणारं छोटं स्टेट मशीन ओळ शोधण्याच्या आधी बसवा आणि त्याची अवस्था जोडणीच्या स्ट्रक्चरमध्ये ठेवा, कारण २५५ एका रिसीव्हच्या शेवटी आणि त्याचा जोडीदार पुढच्याच्या सुरुवातीला येऊ शकतो. ‘डू’ आला तर ‘वोन्ट’ आणि ‘विल’ आला तर ‘डोन्ट’ असं उत्तर द्या.

हे सगळं लागतं ते अबॉरसाठी, म्हणजे चालू ट्रान्सफर थांबवण्याच्या कमांडसाठी. बीएसडी (युनिक्सची एक शाखा) घराण्यातला क्लायंट चालू ट्रान्सफर थांबवताना २५५, २४४, २५५ हे तीन बाइट टीसीपीच्या तातडीच्या मार्गाने पाठवतो आणि मागोमाग २४२ व अबॉरची ओळ. सॉकेटवर ओओबी-इनलाइन हा, तातडीचा बाइट प्रवाहातच ठेवणारा, पर्याय चालू नसेल तर तातडीचा बाइट, म्हणजे तिसरा २५५, प्रवाहातून बाजूला काढला जातो. मग २४२ एकटाच उरतो, अबॉरच्या पुढे चिकटतो आणि सर्व्हर म्हणतो ५००. अबॉर कधी चालते कधी नाही, अशी तक्रार असेल तर आधी हा पर्याय चालू आहे का ते पाहा.

मराठी नावांना या गाळणीचा त्रास होत नाही. यूटीएफ-८ मध्ये २५५ हा बाइट कधीच येत नाही.

कमांड आणि आर्ग्युमेंट

इथे स्ट्रटोक वापरू नका. सलग आलेल्या स्पेस तो गिळतो, मूळ ओळीत शून्य लिहून ठेवतो, आणि आपली अवस्था स्टॅटिक जागेत ठेवत असल्याने थ्रेडमध्ये गोंधळ घालतो. सगळ्यात वाईट म्हणजे फाइलचं नाव स्पेसपाशी तोडतो. रेटर (फाइल मागवण्याच्या) कमांडसोबत ‘जमा खर्च’ हे नाव आलं तर स्ट्रटोकच्या हाती ‘जमा’ लागतं आणि उत्तर जातं ५५०, फाइल नाही. फाइल तर समोर दिसतेय!

नियम साधा आहे: पहिल्या स्पेसपर्यंत कमांड, ती एक स्पेस सोडून ओळीच्या शेवटापर्यंत सगळं आर्ग्युमेंट. पुढच्या-मागच्या स्पेस छाटू नका. पासवर्डच्या सुरुवातीला स्पेस असू शकते, फाइलच्या नावाच्या शेवटीही. स्पेस नसलेली क्विट आणि रिकाम्या आर्ग्युमेंटची क्विट यांतला फरकही जपून ठेवा.

कमांड लहान-मोठ्या कुठल्याही अक्षरांत येते, म्हणून ती मोठ्या अक्षरांत आणा. ९७ ते १२२ मधल्या बाइटातून ३२ वजा केले की झालं, टूअपरची गरज नाही. टूअपर लोकेलवर अवलंबून असतो, शिवाय त्याला साधा कॅरेक्टर देणं घातक आहे. देवनागरी अक्षराचे यूटीएफ-८ बाइट २२४ पासून सुरू होतात. जिथे कॅरेक्टर चिन्हासहित आहे तिथे २२४ म्हणजे उणे ३२, आणि उणे आकडा टूअपरला देणं ही अव्याख्यात वागणूक. वापरायचाच असेल तर आधी अनसाइन्ड कॅरेक्टरमध्ये बदला. आणि मोठी अक्षरं फक्त कमांडची करा, आर्ग्युमेंटला हात लावू नका.

तुलना करताना लांबीही जुळली पाहिजे. ‘पहिली चार अक्षरं सारखी आहेत का’ एवढंच तपासलं तर लिस्टच्या पुढे काहीही चिकटवलेलं चालून जातं. नेहमीच्या सगळ्या कमांड तीन किंवा चार अक्षरांच्या आहेत, म्हणून चारपेक्षा लांब शब्दाला सरळ ५०० द्या. कमांडचं टेबल करा: नाव, आर्ग्युमेंट हवंच, चालेल की नकोच, लॉगिन लागतं का, आणि फंक्शनचा पॉइंटर. पस्तीस-चाळीस ओळींच्या टेबलात एकेक करून शोधणं पुरेसं आहे. हॅश टेबल लिहीत बसण्याचं काम नाही, खरा वेळ नेटवर्कच खातं.

नाकारायचा क्रमही टेबलवरूनच ठरतो. कमांड ओळखीची नाही तर ५००, ओळखीची पण केलेली नाही तर ५०२, लॉगिन नाही तर ५३०, आर्ग्युमेंट चुकलं तर ५०१, ते समजलं पण चालत नाही तर ५०४. नाव बदलताना आरएनटीओच्या (नवं नाव) लगेच आधी आरएनएफआर (जुनं नाव) झालेली नसेल तर ५०३.

आर्ग्युमेंटचा अर्थ

ज्याचा-त्याचा व्याकरणनियम ज्याच्या-त्याच्या फंक्शनात. सर्वांत जास्त चुका पोर्ट कमांडमध्ये होतात. फाइलचा डेटा कुठे पाठवायचा ते क्लायंट तिच्यातून सांगतो. १९२,१६८,१,५,१९,१३७ असे सहा आकडे येतात. पहिले चार आयपी पत्त्याचे, शेवटच्या दोनांतून पोर्ट: १९ गुणिले २५६ अधिक १३७, म्हणजे ५००१. एसस्कॅनएफने हे एका ओळीत होतं, पण तो उणे आकडे घेतो, आकड्यांआधीच्या स्पेस चालवतो, आणि शेवटी कचरा उरला तरी सहा मिळाले म्हणून खूश होतो. हाताने वाचा: प्रत्येक जागी एक ते तीन अंक, किंमत २५५ पर्यंत, मधे नेमका एक स्वल्पविराम, सहाव्यानंतर ओळ संपलीच पाहिजे. वीसेक ओळींचं काम आहे.

वाचलेला पत्ता कंट्रोल जोडणीच्या पत्त्याशी जुळत नसेल तर नाकारा. तसं केलं नाही तर तुमचा सर्व्हर वापरून तिसऱ्याच मशीनचे पोर्ट तपासता येतात. हाच तो बाउन्स हल्ला. १०२४ च्या खालच्या पोर्टसाठी १९९९ चा आरएफसी २५७७ हा ५०४ सुचवतो.

रेस्टमध्ये, म्हणजे फाइल कुठून पुढे चालू करायची ते सांगणाऱ्या कमांडमध्ये, एटूआय वापरू नका. अंकांऐवजी काहीही आलं तरी ते ० देतं, सर्व्हर ३५० (ठीक, पुढची कमांड द्या) म्हणतो आणि क्लायंट मधला तुकडा समजून फाइलची सुरुवातच मधे जोडतो. फाइल खराब होते आणि कुणालाच चूक दिसत नाही. ३२ बिटांचा इंट २,१४७,४८३,६४७ ला संपतो, म्हणून ऑफसेट ६४ बिटांचा घ्या. फक्त अंक आहेत ना हे आधी तपासा, कारण स्ट्रटूयूएलएल उणे चिन्हही स्वीकारतो आणि प्रचंड आकडा हातात देतो. हा ऑफसेट लगेचच्या ट्रान्सफरपुरताच. तो वापरला की शून्य करा.

टाइपमध्ये (डेटाचा प्रकार ठरवणारी कमांड) ए, आय, ‘ए एन’ आणि ‘एल ८’ एवढं पुरे, बाकीला ५०४. लिस्टसोबत काही क्लायंट उणे-एल-ए पाठवतात. तो पर्याय ओलांडून पुढचा पाथ घ्या. लिस्टचं आर्ग्युमेंट शेलकडे कधीच द्यायचं नाही.

उत्तर पाठवताना आलेला मजकूर प्रिंटएफच्या फॉरमॅटच्या जागी जाऊ देऊ नका. डब्ल्यूयू-एफटीपीडी या सर्व्हरमध्ये २००० साली साइट एक्झेक कमांडमधून याच चुकीने मशीनचा ताबा मिळवता येत होता. पीडब्ल्यूडीच्या (सध्याची डिरेक्टरी सांगणारी कमांड) २५७ उत्तरात पाथ दुहेरी अवतरणात जातो, पाथमध्येच ते चिन्ह असेल तर ते दोनदा लिहा. लॉगमध्ये पासचं (पासवर्डची कमांड) आर्ग्युमेंट झाका.

तपासणी

ओळ काढणाऱ्या फंक्शनला सॉकेट देऊ नका. बाइट आणि त्यांची संख्या द्या. मग तेच फंक्शन फझरला, म्हणजे वेडेवाकडे बाइट देऊन चुका शोधणाऱ्या साधनाला, जोडता येतं. तोच संवाद तीन प्रकारे चालवा: एकेक बाइट करून, सगळा एकदम, आणि प्रत्येक शक्य जागी दोन तुकडे करून. तिन्हींतून निघालेल्या कमांडची यादी तंतोतंत एकच आली पाहिजे. बिल्ड अ‍ॅड्रेस आणि अनडिफाइन्ड हे दोन्ही सॅनिटायझर (चालताना मेमरीच्या आणि अव्याख्यात वागणुकीच्या चुका पकडणारे कंपायलरचे पर्याय) लावून करा. यादीत लांबी बरोबर ८१९१, ८१९२ आणि ८१९३ बाइट असलेल्या ओळी, शेवटी नुसता सीआर असलेली ओळ, आणि २५५ वर तुटलेला प्रवाह नक्की घ्या. एक फाइल ८५ देवनागरी चिन्हांच्या नावाचीही ठेवा: तीन बाइटप्रमाणे २५५ बाइट होतात, आणि लिनक्सवर एका नावाची मर्यादा नेमकी तेवढीच आहे.