डीएलएल फाइल सापडत नाही म्हणते? आधी नाव वाचा

डीएलएल म्हणजे प्रोग्राम चालायला लागणारी, बरेचदा अनेक प्रोग्राम मिळून वापरतात अशी विंडोजमधली फाइल. ती सापडत नाही अशी एरर पडद्यावर आली की ओके दाबून मोकळे होऊ नका, मोबाइलने फोटो काढा. नागपुरात सीताबर्डीतल्या माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या काउंटरवर लोक "कायतरी डीएलएल नाही म्हणून राहिलं" एवढंच सांगत येतात. फाइलचं नाव कळल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही.

ते नाव शोधून फुकट डीएलएल देणाऱ्या साइटवरून फाइल मात्र उतरवू नका. ती कोणत्या व्हर्जनची, तिच्यात काय घुसवलंय, काही कळत नाही. त्यात ६४-बिट विंडोजमध्ये सिस्टिम३२ फोल्डरात ६४-बिट फाइली असतात आणि ३२-बिटवाल्या सिसवाव६४ मध्ये. हो, उलटंच आहे! नाव पाहून लोक फाइल चुकीच्या जागी टाकतात अन् एरर तशीच राहते.

नावात व्हीसीरनटाइम१४० किंवा एमएसव्हीसीपी१४० असेल, तर विंडोज बिघडलेलंच नाही. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून व्हिज्युअल सी प्लस प्लस रिडिस्ट्रिब्युटेबल, म्हणजे याच फाइलींचा संच, घ्या. एक्स८६ (३२-बिटवाला) आणि एक्स६४ (६४-बिटवाला) दोन्ही टाका, कारण ६४-बिट मशीनवरही ३२-बिट प्रोग्राम चालतात. फाइल फक्त एकाच गेमची असेल तर तो गेम काढून परत टाका. क्रॅक केलेला, म्हणजे चोरीचा, असेल तर बहुतेक अँटिव्हायरसनेच ती उचलली असते, आणि त्याचं बरोबर असू शकतं.

विंडोजची स्वतःची फाइल गेली असेल, तर तिची चांगली प्रत सहसा तुमच्याच डिस्कवर असते. स्टार्टमध्ये सीएमडी लिहा, उजवं क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. फोनवर सांगतो तसंच लिहितो, टाइप इंग्रजीत करा: डीआयएसएम, स्पेस, स्लॅश ऑनलाइन, स्पेस, स्लॅश क्लीनअप डॅश इमेज, स्पेस, स्लॅश रिस्टोअरहेल्थ. शेवटचा शब्द सलग. नेट चालू ठेवा, दुरुस्तीचा माल विंडोज अपडेटवरून येतो. आकडा ६२.३ टक्क्यांवर अडल्यासारखा वाटेल. खिडकी बंद करू नका, चहा घ्या.

ते झालं की दुसरी कमांड: एसएफसी, स्पेस, स्लॅश स्कॅननाऊ. क्रम हाच ठेवा. एसएफसी चांगली प्रत विंडोजच्या स्वतःच्या साठ्यातून काढते. तो साठाच नासला असेल तर ती देणार कुठून? साठा डीआयएसएम नीट करते. शेवटी "काही फाइली दुरुस्त करता आल्या नाहीत" असा मेसेज आला, तर रीस्टार्ट करून एसएफसी पुन्हा चालवा. तरी नाही जमलं तर फोटो, कागदपत्रं पेनड्राइव्हवर घ्या आणि विंडोजचा सेटअप चालू विंडोजमधूनच उघडून वरून बसवा. 'फाइल्स आणि ॲप्स ठेवा' हा पर्याय निवडला की तुमचं सामान जागेवर राहतं. फॉरमॅट मारायची घाई कोणी केली तर हे आधी विचारा.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो अन् लाइटचा भरवसा नसतो. अपडेट चालू असताना लाइट गेली तर फाइल अर्धवट लिहिली जाऊ शकते, म्हणून डेस्कटॉपला यूपीएस पाहिजेच. यूपीएस असूनही तोच बिघाड परत येत असेल, तर डिस्क तपासा: चेकडिस्क, म्हणजे सीएचकेडीएसके, स्पेस, सी कोलन, स्पेस, स्लॅश एफ. पुढच्या रीस्टार्टला करू का विचारेल, वाय दाबा. वेळ लागतो, रात्री लावून झोपा.