फ्रेंच ७५ करताना या चुका टाळा

पाहुणे दारात आल्यावर वाइनची बाटली फ्रीजरमध्ये कोंबणाऱ्यांनी फ्रेंच ७५ च्या वाटेला जाऊ नये. सरळ बिअर उघडावी. फ्रेंच ७५ हे जेवणाआधीचं पेय आहे, नाव पहिल्या महायुद्धातल्या ७५ मिलिमीटरच्या फ्रेंच तोफेचं, आणि त्याचा सगळा जीव बुडबुड्यांत. एका ग्लासाला ३० मिली जिन, १५ मिली लिंबाचा रस, १५ मिली साखरेचा पाक आणि वरून ६० मिली थंडगार स्पार्कलिंग वाइन. एवढंच असूनही बिघडतं, आणि दरवेळी त्याच कारणांनी.

फ्रीजरचं आधी बघू. घरच्या फ्रीजरमध्ये उणे १८ अंश असतात, वाइन उणे ५-६ लाच गोठू लागते. बेळगावच्या खानापूर रोडवरच्या एका फार्महाऊसवरची गोष्ट. ‘वीसच मिनिटं’ म्हणून दोन बाटल्या आत गेल्या, मग पत्ते निघाले, चुलीवर मटण चढलं आणि बाटल्यांची आठवण झाली ती दोन तासांनी. एक तडकलेली, फ्रीजरभर काचा आणि बर्फाचा चिखल. दुसरी शाबूत दिसली म्हणून यजमानांनी कौतुकाने उघडली, तर निम्मी वाइन फेस होऊन सोफ्यावर. पाणी गोठताना फुगतं, वायूला जागा उरत नाही, आणि बर्फाच्या प्रत्येक कणावर बुडबुडे एकदम सुटतात. उरलेली वाइन मचूळ.

सकाळीच बाटली फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, एवढं पुरतं. विसरलात तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी, दोन मुठी मीठ आणि बाटली गळ्यापर्यंत बुडवून अर्धा तास. नुसता बर्फ नको, खड्यांमधल्या हवेमुळे बाटली तासभर कोमटच राहते. बादलीला मासळी बाजारातली बर्फाची लादी चालेल, शेकरला (पेय हलवायच्या झाकणाच्या भांड्याला) मात्र पिण्याच्या पाण्याचाच बर्फ. एप्रिल-मेमध्ये वीज जाणार हे धरूनच चाला.

दुसरी चूक याहून वाईट: वाइनसकट सगळं शेकरमध्ये. बाटलीतला दाब पाच-सहा बार, म्हणजे कारच्या टायरच्या दुपटीहून जास्त. शेकर हलवला की झाकण उडतं, शर्ट भिजतो, आणि नाही उडालं तरी ग्लासात उरतं ते लिंबू सरबत. यूट्यूबवर कुणी हलवताना दिसलं म्हणे. त्याने काय हलवलं ते नीट बघा: फक्त जिन, लिंबू आणि पाक, भरपूर बर्फासोबत दहा-बारा सेकंद. बर्फ आत राहील असं चहाच्या बारीक गाळणीतून ग्लासात गाळा. मग ग्लास तिरका धरून वाइन कडेने, दोन टप्प्यांत. चमच्याने एकदाच खालून वर, बस्स. ढवळत बसण्याची सवय सोलकढीपुरती ठेवा.

साखर दाणेदार टाकायची नाही. दाण्यांवर वाइन पडली की फेस उसळून टेबलावर येतो आणि साखर तळाशी जशीच्या तशी. आख्खा जिल्हा साखर कारखान्यांचा, तरी पाक करायचा कंटाळा! एक वाटी साखर, एक वाटी गरम पाणी, विरघळवा, पूर्ण गार करा. गूळ नको, रंग आणि चव दोन्ही दाबतो.

लिंबाचं माप इथे थोडं कमी धरा. मूळ कृती पिवळ्या मोठ्या लिंबाची. इंडीचं कागदी लिंबू जास्त आंबट, तेव्हा १५ ऐवजी १२ मिली. रस त्याच वेळी काढा. बाटलीतला रस नको म्हणजे नको.

वाइन लेबलवर ‘ब्रूट’, म्हणजे गोडी अगदी कमी, असं लिहिलेली. सुला, शँडन, ग्रोव्हर झाम्पा, कुठलीही चालेल. खरी शँपेन यात घालणं मला तरी उधळपट्टी वाटते. शँपेनसारखी दिसणारी द्राक्षरसाची बाटली उचलू नका, तिच्यात दारू नसते, साखरच असते. चोर्ला घाटातून डिकी भरून गोव्याचा माल आणण्याचा शॉर्टकटही नको: परवाना नसेल तर एक्साइजवाले धरतात, आणि तापलेल्या डिकीत वाइन आधीच मेलेली असते.

बूच उडवू नका. तार सोडल्यापासून अंगठा बुचावर, बाटली तिरकी, बूच घट्ट धरून बाटली फिरवा. ‘फट्ट’ नाही, ‘फुस्स’ यायला हवं.

ग्लासात भांड्याच्या साबणाचा अंश राहिला तर वाइनचा फेस विरतो. गरम पाण्याने दोनदा विसळा.

सोबत चंदगडचे खारे काजू ठेवा. कुंदा गोड, तो जेवणानंतर.

७५० मिलीच्या बाटलीत हिशोबाने बारा ग्लास बसतात, फेसाची नासाडी धरून दहा-अकरा सांगा. आणि पाहुण्यांना आधीच सांगा की सरबतासारखं लागलं तरी एका ग्लासात ३० मिलीच्या साधारण दीड पेगाएवढी दारू आहे. दुसरा ग्लास मागणाऱ्याची गाडीची किल्ली मागून घ्या.

उरलेल्या बाटलीच्या तोंडात स्टीलचा चमचा अडकवून काही होत नाही. पकडीचं स्टॉपर लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.