नाईटचा चहा आणि माझं हिमोग्लोबिन

पहाटेचे साडेपाच वाजले होते. फिमेल मेडिकल वॉर्डात एकतीस पेशंट आणि ड्युटीवर आम्ही दोघी. राऊंडच्या आधी सगळी सॅम्पल्स काढून लॅबला पाठवायची होती. सतरा नंबरच्या आजींच्या दंडाला टुर्निके बांधला, शीर लागली, सिरिंजमध्ये रक्त येताना दिसलं आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. सुई कधी काढली, कापूस कधी दाबला, मला आजही आठवत नाही. एवढं आठवतं, की आजींनीच माझं मनगट घट्ट धरलं होतं आणि त्या म्हणत होत्या, "बाई, तू आधी खाली बस."

मावशी साखरपाणी घेऊन धावल्या. सगळ्यांना वाटलं, शुगर पडली. ग्लुकोमीटरवर ती ८८ आली, म्हणजे नॉर्मल. दुसऱ्या दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी तपासणी, केली तेव्हा हिमोग्लोबिन ८.४ निघालं. बाईसाठी १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय, हे पहिल्या वर्षाच्या परीक्षेत मी स्वतः लिहून आले होते.

नुकतंच नर्सिंगचं रजिस्ट्रेशन हातात पडलंय आणि पहिल्या नोकरीवर रुजू झालाय, अशांसाठी हे लिहितेय. समतोल आहार तुम्हाला शिकवण्याची गरज नाही, न्यूट्रिशनचा पेपर तुम्ही दिलाय. पण पेपर सोडवणं वेगळं आणि आठ रात्री सलग उभं राहणं वेगळं.

तेव्हाचा माझा दिवस सांगते. संध्याकाळी पाचला उठायचं, चहा घ्यायचा आणि बस पकडायची. आठला ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंटची माहिती, घ्यायची, दहाची औषधं द्यायची, मग नवीन ॲडमिशन. बारा वाजता चहा आणि दोन ग्लुकोज बिस्किटं. तीनला पुन्हा चहा. पहाटे टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं) आणि सॅम्पल्स झाली की आणखी एक. सकाळी साडेआठला हॉस्पिटलबाहेरच्या गाडीवर दोन वडापाव किंवा मिसळ, कारण तोवर भुकेने हात थरथरत असायचे. मग खोलीवर जाऊन झोप. रात्रीचा डबा बहुतेक वेळा तसाच परत यायचा. भाजीला वास लागलेला असायचा, टाकताना आईची आठवण येऊन रडू यायचं. मला वाटायचं, मी खातेय की. पोटात सतत काहीतरी असायचं ना! ते काहीतरी म्हणजे चहा होता, हे उशिरा लक्षात आलं.

आता ज्यात मी अडकले ते नीट वाचा. बाकीचं विसरलात तरी चालेल.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. रिकाम्या पोटी मळमळायचं, म्हणून मी गोळी सकाळच्या चहा-बिस्किटांबरोबर घ्यायला लागले. कॅल्शियमचीही गोळी होती. विसरायला नको म्हणून तीही त्याच घोटाबरोबर. तीन महिने एकही दिवस चुकवला नाही. तीन महिन्यांनी तपासलं तर ८.७. मी हादरले. कुठेतरी रक्तस्राव होतोय का, आणखी काही मोठं आहे का, असं नाही नाही ते मनात आलं. ओपीडीतल्या मॅडमनी रिपोर्ट पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "गोळी कशाबरोबर घेतेस?"

मी बोलता बोलता थांबले. एएनसी, म्हणजे गरोदरपणातल्या तपासणीच्या, ओपीडीत पोस्टिंग असताना रोज पन्नास गरोदर बायकांना मीच सांगत होते, "ताई, लोहाची लाल गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, दुधाबरोबर घ्यायची नाही, कॅल्शियमची वेगळ्या वेळेला घ्यायची." रोज सांगत होते आणि स्वतः तीन महिने नेमकं तेच करत होते.

चहातली टॅनिन्स लोहाला पोटातच धरून ठेवतात, ते रक्तात जाऊ देत नाहीत. कॅल्शियमही लोहाच्या आड येतं. हे फक्त गोळीपुरतं नाही, जेवणालाही लागू आहे. मेथी, मसूर, मटकी, बाजरी यांच्यातलं लोह मुळातच कमी शोषलं जातं, मटणातल्यापेक्षा बरंच कमी. त्यावर लगेच चहा ओतला की हातात काय राहणार? थालीपिठाबरोबर चहा, पोह्यांबरोबर चहा, जेवण झाल्याझाल्या 'झोप येऊ नये म्हणून' चहा, या आपल्या सगळ्यांच्या सवयी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितलंय. गोळीसाठी मी दोन तास धरते. ग्रीन टी चालतो असं समजू नका, टॅनिन्स त्यातही असतात. कॉफीचंही तेच.

मॅडमनी वेळ बदलून दिली. उठल्यावर लिंबूपाण्याबरोबर लोहाची गोळी. मळमळ झालीच तर सोबत पेरूची फोड, कारण क जीवनसत्त्वाने शोषण वाढतं. चहा त्यानंतर दोन तासांनी. कॅल्शियम मुख्य जेवणाबरोबर. गोळ्या त्याच, कंपनी तीच. तीन महिन्यांनी ११.२. वर्षभर मी ज्याला थकवा, ज्याला 'नाईट झेपत नाही' म्हणत होते, ते निम्मं निघून गेलं. जिना चढताना धाप लागणं बंद झालं, केस गळायचे थांबले. हिमोग्लोबिन बरोबर आलं तरी गोळी लगेच सोडायची नसते, साठा भरायला आणखी काही महिने लागतात, हेही तेव्हाच डोक्यात पक्कं बसलं.

पण एक गोष्ट कडक शब्दांत सांगते. स्टॉकमधली पट्टी फाडून स्वतःच गोळ्या चालू करू नका. आधी तपासणी करा, कारण शोधा. माझ्या बाबतीत पाळीत होणारा जास्त रक्तस्रावही होता. तो मी 'आमच्या घरात सगळ्यांना असंच' म्हणून सोडून दिला होता आणि त्यावर वेगळे उपचार लागले. कुणाला जंत असतात, कुणी थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तदोषाची वाहक असते आणि तिला लोहाची गरज नसूही शकते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय होता. ॲप्रन घातला म्हणून आपण त्या आकड्याबाहेर पडत नाही. आणि घाबरूही नका. बहुतेकींचं हे दुखणं बरं होणारं असतं, फक्त शोधावं लागतं.

आता नाईटचं. ड्युटीला निघण्याआधी पोटभर जेवा, साडेसहा-सातला, ताटावर बसून. हेच माझं मुख्य जेवण. आठ ते बारा वॉर्ड कुणाचं ऐकत नाही, त्या वेळेवर भरवसा ठेवू नका. बारा-साडेबाराला डबा उघडायचा, पण अर्धं जेवण. रात्री शरीराला साखर नीट हाताळता येत नाही. २०२१ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी १९ निरोगी तरुणांना प्रयोगशाळेत रात्रपाळीसारखं जागवलं. रात्री जेवणाऱ्यांची साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी वाढली, फक्त दिवसा जेवणाऱ्यांची वाढली नाही. म्हणून रात्री उपाशी राहा, असं मी म्हणणार नाही. प्रयोगशाळेत कुणाला क्रॅश कार्ट, म्हणजे इमर्जन्सीच्या औषधांची गाडी, घेऊन पळावं लागत नाही. मी एवढंच घेते, की बिर्याणी आणि गुलाबजाम बारा वाजताचे पदार्थ नव्हेत. साडेतीनला मूठभर फुटाणे-शेंगदाणे किंवा एक फळ. रात्री दोननंतर चहा बंद. कॅफीन निम्मं व्हायलाच पाचेक तास जातात. पहाटे सहाचा चहा नऊ वाजता पडद्याआड डोळे मिटून पडलेल्या तुम्हाला जागं ठेवतो, आणि अपुरी झोप झालेली मुलगी दुसऱ्या रात्री गोडच शोधते. सकाळी घरी जाऊन थोडं काहीतरी खा. मऊ भात आणि मेतकूट, किंवा एक भाकरी आणि दूध. मग झोपा.

डबा असा हवा, की फोन वाजला तर झाकण लावून उठता येईल आणि परत आल्यावर तो खाण्यासारखा राहिलेला असेल. रस्साभाजी, वरण हे माझ्याकडून कधी झालं नाही. चाललं ते असं: मोड आलेल्या मटकीची कोरडी उसळ पोळीत गुंडाळून, लिंबू पिळून. थालीपीठ आणि दही. दोन उकडलेली अंडी, मीठ-मिरी पुडीत. ऑफच्या दिवशी अर्धा किलो मटकी भिजत घालते, रात्री फडक्यात बांधते. दुसऱ्या दिवशी मोड बोटाच्या पेरापेक्षा लांब झाले की उसळ कडवट लागते, म्हणून त्याआधीच वाफवून दोन डब्यांत फ्रिजमध्ये. तीन दिवस निघतात. पीजीत राहणाऱ्यांना स्वयंपाकघर नसतं, मीही राहिलेय. किटलीत अंडी उकडता येतात, फुटाणे, गूळ, केळी, पेरू यांना गॅस लागत नाही. आणि डबा औषधांच्या फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, कितीही सिनिअर ठेवत असल्या तरी. नर्सिंग स्टेशनवर बसून खायचं नाही, हात धुऊन ड्युटी रूममध्ये.

पाणी प्या. बाथरूमला जायला वेळ नाही म्हणून पाणी न पिणाऱ्या माझ्या बॅचमधल्या तिघींना युरिन इन्फेक्शन झालं.

डिस्चार्जचे पेढे, बाळ झालं म्हणून आलेली मिठाई, कुणाच्या वाढदिवसाचा केक हे रोजच असतं. मी एक पेढा खाते, कारण कुणाचा तरी माणूस घरी चाललेला असतो आणि तो आनंद मला नाकारायचा नसतो. दुसरा खात नाही.

उपासाबद्दल लिहावं की नाही, असं वाटत होतं, पण लिहिते. चतुर्थी आणि नाईट एकत्र आली, की आपण दिवसभर साबुदाण्याच्या खिचडीवर आणि चहावर काढतो. श्रद्धा सोडा असं मी म्हणत नाही, मीही चतुर्थी करते. पण वरई, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही हेही उपासालाच चालतं. सलग नाईट्समध्ये निर्जळी मात्र करू नका. तुमच्या हातात इन्सुलिनची सिरिंज असते.

शॉर्टकट विकणाऱ्यांपासून लांब राहा. प्रत्येक हॉस्पिटलात एक तरी जण वजन कमी करायची पावडर विकत असतो. पहिल्या पगारातले साडेतीन हजार मी त्यात घातले. एका जेवणाऐवजी एक शेक. पंधरा दिवसांत चेहरा उतरला आणि सोळाव्या दिवशी मी तीन वडापाव खाल्ले. मोबाईलवर फिरणारे डाएट चार्टही आपल्यासाठी नसतात. त्यात 'सकाळी आठला नाश्ता' लिहिलेलं असतं, आणि त्या वेळी आपण ओव्हर देत असतो. सोळा तासांचा उपास फिरत्या पाळीत तर नकोच, कारण दर आठवड्याला तुमचे दिवस-रात्र बदलतात. हे माझं ठाम मत आहे.

सिनिअर कोण मिळते, यावरही फार अवलंबून असतं. माझ्या पहिल्या इनचार्ज अभिमानाने सांगायच्या, "मी बारा तास पाण्याचा थेंब घेत नाही." मला त्या देवासारख्या वाटायच्या. त्यांच्यासारखं व्हायचं म्हणून मी डबा उघडायची लाज बाळगायला लागले. आज मला त्यांचा राग येत नाही, त्यांनाही कुणी जेव म्हटलं नसेल. पण अशा माणसाला आदर्श मानू नका. दुसऱ्या ठिकाणच्या इनचार्जनी ड्युटी बोर्डवर पेशंटच्या वाटणीखाली आणखी एक ओळ लिहायला लावली होती: पहिली जेवण बारा, दुसरी साडेबारा. खडूने लिहिलेली ती ओळ होती म्हणून आम्ही जेवत होतो.

तुमच्या बोर्डवर तशी ओळ नसेल, तर तोंडाने सांगावं लागेल. 'मी जेवून येऊ का' असं विचारू नका, त्याला 'थांब जरा' हेच उत्तर येतं. ओव्हर देतो तसं सांगा. मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आवाज कापत होता: "सिस्टर, तेरा नंबरची सलाईन पाऊणला संपेल, तीन नंबर ऑक्सिजनवर आहे, आता सॅच्युरेशन ९६ आहे, बाकी सगळे झोपलेत. मी वीस मिनिटांत जेवून येते." त्या चार्ट लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जा. आणि चहा आला तर तुझा झाकून ठेवते, लगेच पिऊ नकोस."